चहा सोडलेले चाळीस दिवस

बेलवलीत आमच्या इमारतीच्या मागे जांभळीचं एक झाड उरलं आहे. बाकीची होती तिथे आता गाड्या उभ्या असतात. मार्च लागला की या एकट्या झाडाला बारीक पांढुरका फुलोरा येतो, दिवसभर त्यात माश्या घुमतात, आणि खालच्या गाड्यांच्या टपांवर भुसा साचतो. गाडीवाले वॉचमनवर खेकसतात. वॉचमन झाडाकडे बोट दाखवतो. झाड आपलं गाळत राहतं.

मी मात्र तो भुसा दिसला की त्या बाजूची खिडकी लावून घेतो. जांभळीला फुलोरा येतो तेव्हाच आमचे लेंटचे दिवस असतात, आणि लेंट आला की डबा बाहेर निघतो.

लेंट म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस. शेजारच्या पाटीलवहिनी दरवर्षी दारात उभ्या राहून विचारतात, "भाऊजी, तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो ना? वाटीभर जास्त भिजवते मग." मी दरवर्षी हो म्हणतो. साबुदाण्याचा आमच्या उपवासाशी काडीचा संबंध नाही. पण खिचडी छान असते, आणि खरं सांगून कुणाचं मन मोडण्यापेक्षा हो म्हणून टाकणं मला आयुष्यभर सोपं वाटत आलं आहे. आमच्यात कोणी मटण-मासे सोडतं, कोणी एक वेळ जेवतं, कोणी आपल्याला सगळ्यात प्रिय असेल ते सोडतं. माझ्या आईने एका वर्षी चहा सोडला होता.

त्या वर्षाबद्दल मी बारा वर्षं गप्प आहे.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, चौकोनी. झाकणावर कधीकाळी घोडागाडीचं चित्र होतं, आता एक चाक तेवढं उरलंय. अंबरनाथला बुवापाड्यात आमची मंडळी आहे. पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च आणि तीस-पस्तीस घरं. लेंटच्या दर शुक्रवारी दिवेलागणीला आम्ही कुणा ना कुणाच्या घरी जमतो. चपलांचा ढीग गल्लीत जातो. पंखा बंद करावा लागतो, कारण गायनाच्या पुस्तकांची पानं उडतात. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं, खाली पूर्ण नाव घालायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मग मंडळीचा एक पंच एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे म्हणतात, "हे प्रभू, आमची विनंती ऐक." नोकरी, मुलीचं लग्न, मुतखडा, बारावीचा पेपर, नवऱ्याची दारू. सगळं नावासकट. बाहेरच्या माणसाला हे जरा उघडं-वाघडं वाटेल. आमच्याकडे तीच रीत आहे. जे देवाला सांगायचं ते मंडळीला कळलं तर बिघडत नाही.

तेव्हा डबा माझ्या वडिलांकडे होता. दादांचा आवाज कारखान्यातल्या मशिनींशी भांडून तयार झालेला. कुजबुज त्यांना येतच नसे. "शांताबाई दगडू साळवे, यांच्या मूळव्याधीसाठी!" असं ते गल्लीच्या टोकापर्यंत वाचायचे.

"अहो, जरा हळू," शांताबाई पदरात तोंड घालून म्हणायच्या. "देवाला ऐकू येतं."

"देवाला येतं बाई, मागे बसलेल्यांना येत नाही," दादा म्हणायचे, आणि उपवासाच्या पोटी सगळे खदखदून हसायचे.

त्या वर्षी मी आणि माझी बायको एस्तेर तिथे नव्हतो. आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका शहरात होतो. एस्तेर नर्स. पुढचं शिकायला तिला तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि तिचा नवरा म्हणून मी तिच्या व्हिसाचं शेपूट धरून गेलो होतो. अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात मी शिफ्टचा सुपरवायझर होतो; तिथे हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत लागलो. ती दिवसा वर्गात आणि उरलेल्या वेळात म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये. निघताना मंडळी हार घेऊन स्टेशनपर्यंत आली होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं, "ही दोघं तिथे आपली साक्ष होऊन राहतील." साक्ष हा शब्द आमच्यात फार जड आहे. माझं जगणं बघून लोकांना देव दिसावा, असा त्याचा अर्थ. लोणच्याची बरणी विमानात फुटली, पण तो शब्द शाबूत पोचला आणि पुढे दोन वर्षं माझ्या मानेवर बसून राहिला.

पहिल्या रविवारी आम्ही तिथल्या चर्चला गेलो. दगडी, केवढं तरी उंच, आणि आत मोजून चौदा माणसं, सगळी सत्तरीपुढची. एका गोड आजींनी एस्तेरचा हात हातात घेऊन विचारलं, तू ख्रिस्ती कधी झालीस गं? एस्तेर म्हणाली, "मी नाही झाले, माझे पणजोबा झाले. तुमचे?" घरी येईपर्यंत ती हसत होती. हसताना तिला उचकी लागायची. दोन महिन्यांत दोघांनाही रविवारची शिफ्ट लागली आणि चर्च सुटलं. मग आम्ही स्वयंपाकघरातच प्रार्थना करायचो. एकच खिडकी, खाली कायम ओला रस्ता. ती कुकरच्या झाकणावर ताल धरून घरची गायनं गायची. पलीकडचा पोलिश माणूस भिंतीवर ठोकायचा. आम्हाला वाटलं, तक्रार करतोय, म्हणून दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटला आणि म्हणाला, काल का नाही गायलात? मी तालावर ठोकत होतो.

हे सगळं मी लांबवतोय, हे मला कळतंय. पुढचं लिहायला हात उचलत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात एस्तेर बोलायची थांबत गेली. एकदम नाही. उन्हाळ्यात आमच्या नळाचं पाणी जातं तसं; आधी धार बारीक होते, मग नळ नुसता फुसफुसतो, मग तेही नाही. शिफ्टला जायचं म्हणून ती बूट घालायला पलंगावर बसायची आणि एक बूट हातात घेऊन तशीच बसून राहायची. वीस मिनिटं, पाऊण तास. केअर होममधली एक म्हातारी तिला आपली मुलगी समजून हाक मारायची, ती म्हातारी गेली. तेवढंच कारण होतं का? नसावं. मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. मी लाँड्रीतून यायचो, हाताला ब्लीचचा वास. आमच्या अंबरनाथच्या नाल्याच्या वासाचा तो लांबचा भाऊ. यायचो आणि म्हणायचो, "थकलीयस तू. परीक्षा झाली की बरं वाटेल." बूट तिच्या हातातून घेऊन मी खाली ठेवायचो. तिच्या पायात कधी घातला नाही.

राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला एक कार्ड दिलं. लाँड्रीत चादरींच्या गठ्ठ्यांना बांधतात ते पुठ्ठ्याचं कार्ड, माझ्याच खिशातलं. मागच्या कोऱ्या बाजूला तिने तिचं गोल, सुटं अक्षर काढून लिहिलं होतं.

"उद्या शुक्रवार आहे," ती म्हणाली. "दादांना फोन करून हे सांग. डब्यात घालायला. जसंच्या तसं."

कार्डवर होतं: "मंडळीला सलाम. काही महिन्यांपासून मला जगावंसं वाटत नाही. पवित्र शास्त्र उघडते, अक्षरं दिसतात, पण पलीकडून कोणी बोलत नाही. माझ्या परीक्षेचं काही मागू नका. मी राहावं, एवढंच मागा. आणि आईंनी मला एकदा फोन करावा. एस्तेर सुधीर भालेराव."

आई म्हणजे माझी आई. एस्तेरची स्वतःची आई ती नववीत असताना गेली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्या आईला गोचिडासारखी चिकटली होती, हा शब्द आईचाच. दोघी मिळून उल्हासनगरच्या कॅम्प पाचला ड्रेसची कापडं बघायला जायच्या, तासभर घासाघीस करायच्या आणि काही न घेता, दुकानदाराच्या चहाचे दोन-दोन कप मात्र पिऊन परत यायच्या. आई चहासाठी कुठेही थांबायची. मयताला गेली तरी तिचा एक डोळा स्वयंपाकघराकडे असायचा.

मी फोन लावला. तिकडे दुपार होती. दादांनी आधी चष्मा शोधला, मग पेन शोधलं, मग पेन चालत नाही म्हणून दुसरं शोधलं. "हं, सांग," म्हणाले. कार्ड माझ्या हातात होतं. आणि माझ्या कानात दादांचा आवाज सुरू झाला. उद्या कुणाच्या तरी घरात, पंखा बंद करून, गल्लीच्या टोकापर्यंत: एस्तेर सुधीर भालेराव, हिला जगावंसं वाटत नाही! मला तो चपलांचा ढीग दिसला. हार घालणारे हात दिसले. पंचाची सून. साक्ष.

"दादा, ईस्टरनंतर एस्तेरची परीक्षा आहे," मी म्हणालो. "त्यासाठी विनंती घाला."

"एवढंच ना?"

"एवढंच."

कार्ड मी माझ्या गायनाच्या पुस्तकात ठेवून दिलं. तेव्हा स्वतःला काय सांगितलं तेही लक्षात आहे. देवाला सगळं माहीतच आहे, तो काय दादांच्या तोंडून ऐकायला थांबलाय? हे वाक्य मला त्या वेळी केवढं भक्तीचं वाटलं! पाप करताना माणसाला शास्त्र फार चांगलं आठवतं.

रविवारी आईचा फोन आला. मी भांडी घासत होतो. एस्तेरने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. तो फोन तिने मागितला होता.

"अगं एस्तेर, ऐक पोरी," आई ओरडत होती. परदेश लांब आहे म्हणून ती नेहमी ओरडायची. "मी चहा सोडला बरं का! चाळीस दिवस! तुझ्या परीक्षेसाठी. काल डोकं असं ठणकलंय म्हणून सांगू. दादा म्हणतात, घे घोटभर, देव काय बघतोय का. मी म्हटलं, तोच तर बघतोय! तू फक्त अभ्यास कर. बाकीचं काही डोक्यात आणू नकोस. कळलं ना?"

"हो आई," एस्तेर म्हणाली.

फोन ठेवून ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "सुधीर, आईंनी ऐकली ना माझी चिठ्ठी?"

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही.

"ऐकली."

"दादांनी वाचली? सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग त्या परीक्षेचंच का बोलल्या?"

"तिला सुचलं नसेल गं काय बोलावं. जुनं माणूस."

पहिलं खोटं मी भीतीने बोललो. दादांच्या आवाजाची भीती, लोकांची भीती, आणि तिच्या त्या वाक्याची. ते मोठ्याने बोललं तर खरं होईल, असंही मला वाटलं होतं. त्या खोट्यासाठी मी कदाचित क्षमा मागू शकेन. पण हे दुसरं मी भांडी घासता घासता बोललो, सहज, आणि ते नेऊन ठेवलं माझ्या आईच्या माथ्यावर. जी त्या घटकेला सात समुद्रांपलीकडे डोक्याला फडकं बांधून बसली होती.

लेंटचे सगळे शुक्रवार मंडळी म्हणत राहिली, हे प्रभू, आमची विनंती ऐक. आणि विनंती ऐकली गेली. एस्तेर चांगल्या मार्कांनी पास झाली. आम्ही जे मागितलं होतं ते देवाने दिलं. नेमकं तेवढंच दिलं.

ती राहिली, ती आमच्या प्रार्थनेने नाही. मधल्या एका दिवशी ती एकटीच तिथल्या डॉक्टरकडे गेली. मला ते गोळ्यांच्या पाकिटावरून कळलं. मी पाकीट पाहिलं आणि जागच्या जागी ठेवलं. हळूहळू ती बूट घालू लागली, जेवू लागली, कधी कधी हसलीही, उचकीशिवाय. कुकरच्या झाकणावर मात्र तिने पुन्हा ताल धरला नाही. एकदा भिंतीपलीकडून दोन-तीन ठोके आले. आम्ही दोघांनी ऐकले आणि दोघेही जेवत राहिलो.

परत आलो तेव्हा स्टेशनवर पुन्हा हार. आई सगळ्यात पुढे. "चाळीस दिवस चहा नाही प्यायले मी, विचार कुणालाही!" ती एस्तेरचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली. एस्तेर हसली आणि हलकेच चेहरा सोडवून घेतला. तिला वाटत होतं, या सगळ्या माणसांनी माझी ती चिठ्ठी ऐकली आहे. ऐकली, आणि परीक्षेचं विचारलं. आता हार घालतायत. मला हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता.

बुवापाड्यात राहायला ती नाही म्हणाली. तिला इथल्याच एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही बेलवलीत घर घेतलं. चर्चला ती यायची, अजूनही येते. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटतात, ती मिटत नाही. बसस्टॉपवर बसल्यासारखी बसते. गाडी येणार नाही हे कळलंय, पण पाय दुखतायत म्हणून बसलेलं माणूस.

सहा वर्षांपूर्वी दादा गेले आणि डबा माझ्याकडे आला. पाळकसाहेब म्हणाले, येसुदासदादांचा मुलगा, यापेक्षा योग्य कोण? मी हो म्हणालो. ते तर मला येतंच.

मग आई आमच्याकडे आली. शेवटचे अकरा महिने ती अंथरुणाला खिळली होती. एस्तेरने तिचं जे केलं ते पोटच्या मुलीने केलं नसतं. कूस बदलणं, अंग पुसणं, वेळच्या वेळी औषध. आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. सकाळ-दुपार चहा करून द्यायची. कप स्टुलावर ठेवायची आणि निघून यायची.

"बस ना गं दोन मिनिटं," आई म्हणायची.

"काम आहे, आई."

एका दुपारी एस्तेर ड्यूटीवर असताना आईने मला जवळ बोलावलं. आता ती ओरडत नव्हती. "सून सोन्यासारखी आहे रे," म्हणाली. "पण माझं काय चुकलं, तेवढं विचार तिला. मी असेपर्यंत विचार."

"काही नाही चुकलं, आई. तुझं आपलं काहीतरीच."

खिडकीबाहेर जांभळीचा फुलोरा गळत होता. आईने मान वळवली आणि ते बघत राहिली. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ती गेली. मी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दोघींना आठ-पंधरा दिवस तरी मिळाले असते. त्यानंतर सांगण्यात काय अर्थ, असं मी मनाशी धरलं. आता खरं सांगणं म्हणजे एस्तेरच्या हातात एका मेलेल्या बाईचा निरपराधपणा ठेवणं. तिचा राग निदान तिला उभं तरी ठेवत होता. हा विचारही मला मोठा दयाळू वाटायचा. माझ्या भित्रेपणाला दयेचा सदरा फार चपखल बसतो.

या वर्षीचा तिसरा शुक्रवार आमच्या मंडळीतल्या मार्थामावशींच्या घरी होता, उल्हासनगर कॅम्प पाचला. मावशींचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यात पापडांचा कायमचा वास; हिंग, मिरी, वाळत घातलेलं पीठ. पंखा बंद. मी चिठ्ठ्या वाचत होतो. पाचवी-सहावी चिठ्ठी उघडली आणि पहिल्याच ओळीवर थांबलो. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीची चिठ्ठी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. मजकूर जवळपास तोच होता. मला जगावंसं वाटत नाही.

आणि मी काय सांगू? माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं: हिच्या परीक्षेसाठी. आपोआप. परीक्षांचेच दिवस होते, कुणाला संशय आला नसता.

"काय रे सुधीर, थांबलास का?" मार्थामावशी म्हणाल्या. "माझा चष्मा देऊ का? उसमें सब दिखता है."

लोक हसले. मी पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं आणि होती तशी वाचली. नावासकट.

कुणी "हे प्रभू" म्हटलं नाही. मग मार्थामावशी गुडघ्यांवर हात दाबत उठल्या. "प्रार्थना नंतर करू," म्हणाल्या. "पहिले पोरगी कुठे बसलीय ती?" माणसांच्या मांड्या ओलांडत त्या मागे गेल्या आणि त्या मुलीला खेटून बसल्या. "सरक गं. जेवलीस का दुपारी? नाही ना, वाटलंच. आजपासून माझ्याकडे राहायचं. आईला मी सांगते. मला एकटीला पापड लाटून कंटाळा येतो, तू नुसती बस माझ्याजवळ, बोलू नको पाहिजे तर." मुलीने मावशींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि जी रडली! तिची आई उठली, शांताबाई उठल्या, पाळकसाहेबांची बायको पाणी घेऊन आली. एस्तेरही उठली. तिने मुलीच्या आईशी हळू आवाजात काहीतरी ठरवलं. सोमवारी तीच त्या मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डबा मांडीवर घेऊन मी एकटा बसून होतो. ज्या माणसांची मला भीती वाटली होती ती ही माणसं. चपलांचा ढीग घालणारी, मूळव्याधीला हसणारी. यांना फक्त खरं सांगायचं होतं.

स्कूटरवरून परतताना एका सिग्नलला एस्तेर मागून म्हणाली, "हिच्यासाठी उठल्या मावशी. माझ्या वेळी कुणी उठलं नव्हतं." पेशंटचा ताप किती आहे ते सांगावं, अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीतला जांभळीचा भुसा झाडत होती. मी गायनाच्या पुस्तकातून ते कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने आधी अक्षर ओळखलं, मग कार्ड.

"हे तुझ्याकडे कसं?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. फोन, दादांचा चष्मा, परीक्षा, चालू नळ. ती केरसुणी धरून उभी होती. माझं झाल्यावर तिने एकच विचारलं.

"आईंना माहीत नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"परीक्षेचं तेवढं."

ती खाली भुशातच बसली. "दहा वर्षं त्या आल्या की मी त्यांना चहा करून दिला, सुधीर," ती म्हणाली. "दहा वर्षं. एकदा बसले नाही." मग म्हणाली, "त्या कधी काही बोलल्या?"

हेही बोलायचं नव्हतं मला. पण बोललो. "म्हणाली होती, माझं काय चुकलं तेवढं विचार तिला."

"मग विचारलं का नाहीस?"

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं तर तेवढीच एक आशा होती. ती ओरडली नाही, रडली नाही. उठली आणि उरलेली गॅलरी झाडून काढली. कोपरे सुद्धा.

त्या दिवसापासून एस्तेरने चहा सोडला आहे. मला करून देते. कप टेबलावर ठेवते आणि निघून जाते.

पुढच्या शुक्रवारी पाळकसाहेबांच्या घरी डबा उघडला, तर वरच तिची चिठ्ठी होती. गोल, सुटं अक्षर. परत आल्यापासून तिने डब्यात कधी चिठ्ठी टाकली नव्हती. पहिली ओळ होती, "लिहिलंय तसं वाचावं." खाली: "माझ्या सासूबाई सुशीला येसुदास भालेराव प्रभूत निजल्या आहेत. त्या असताना दहा वर्षं आणि गेल्यावर दोन वर्षं मी त्यांच्यावर राग धरला. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी माझ्यासाठी चाळीस दिवस चहा सोडला होता. आता क्षमा कोणाकडे मागायची ते मला कळत नाही. एवढ्यासाठी प्रार्थना करावी. एस्तेर सुधीर भालेराव."

मी वाचलं. एक शब्द बदलला नाही. मंडळी म्हणाली, हे प्रभू, आमची विनंती ऐक. मार्थामावशी उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. गेलेल्या माणसाच्या बाबतीत उठून कुठे जायचं, ते त्यांनाही कळलं नसावं. एस्तेर भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, माझ्याकडे नाही, बंद पंख्याकडे बघत.

राग का धरला, कुणामुळे धरला, हे तिने लिहिलं नव्हतं. सगळं स्वतःवर घेतलं होतं. चिठ्ठी हातात धरून मी उभा होतो. एक वाक्य बोलायला जागा होती. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, याहून सोपं काय असतं? मी घसा साफ केला आणि पुढची चिठ्ठी उघडली. मुतखड्याची होती.

म्हणून हे लिहिलं. झाडाखालच्या गाड्या आता जवळजवळ पांढऱ्या झाल्यात, फुलोरा सरत आलाय, ईस्टरला तीन शुक्रवार उरलेत. एवढे कागद डब्यात मावायला घडी फार बारीक घालावी लागेल. आणि या वेळी वाचणार मी नाही. डबा मी मार्थामावशींच्या हातात देणार आहे, त्यांचा चष्मा चांगला आहे. विनंती म्हणून शेवटी काय लिहावं ते तीन दिवस सुचत नाहीये. आईला उठवून मागता येत नाही, एस्तेरकडे मागायला तोंड नाही, आणि देवाकडे मागावं तर तो जेवढं मागितलं तेवढंच देतो, हे मी पाहिलं आहे. तेव्हा ती ओळ कोरी सोडतो. खाली पूर्ण नाव घालायची रीत आहे, ते तेवढं घालतो.

सुधीर येसुदास भालेराव.